न चाखलेल्या वांग्याचे आठ गुण

दिगंबर वैरागडे यांनी आयुष्यात किती वांग्यांची लग्नं लावली, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. भोपाळला पिपलानीच्या पुढे, वसाहती विरळ होत जातात तिथे, एका कृषी विद्यापीठाचं भाजीपाला संशोधन केंद्र आहे. तिथे त्यांनी अडतीस वर्षं काढली, आधी रोजंदारीवर आणि मग क्षेत्र सहायक म्हणून. काम सांगायला सोपं. उद्या उमलेल अशी वांग्याची कळी संध्याकाळी हेरायची, चिमट्याने अलगद उघडायची, आतले पिवळे पुंकेसर एकेक करून काढायचे आणि वर कागदी पिशवी चढवायची. सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलातले पराग आणून त्या कळीला लावायचे, पुन्हा पिशवी, आणि देठाला दोऱ्याने चिठ्ठी: आई कोण, बाप कोण, तारीख काय. सोयरीक जमवणारा, भटजी आणि वऱ्हाडी, सगळं एकच माणूस.

सांगायला सोपं, पण करून बघा. चिमटा केसभर हलला की कळी गेली. दिगंबररावांचा हात हलत नसे. तरुणपणी त्यांना तंबाखूचा नाद होता. लग्नात सासऱ्यांनी हात जोडले तरी तो सुटला नव्हता. पण तंबाखूच्या हातांनी टोमॅटोला रोग लागतो असं कळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून डबी बंद झाली. बायको कल्पना हे अजून सांगते. नवऱ्याने आपल्यासाठी न सोडलेली गोष्ट टोमॅटोसाठी सोडली, याचं दुःख बाई सहजासहजी विसरत नाही.

आणखी एक खोड होती. नव्या जातीसाठी संकर केला की त्याची शेकडो भावंडं निघतात. दरवर्षी त्यातली चार निवडायची आणि बाकीची फेकायची, असा नियम. दिगंबरराव फेकत नसत. नापास झालेल्या झाडांचंही मूठभर बी ते धुऊन, सावलीत वाळवून, खाकी पाकिटात घालून ठेवत. वर सुवाच्य अक्षरात नंबर आणि वर्ष. साहेब लोक हसत. "वैरागडेजी, नापासांचं पण वसतिगृह चालवता का?" ते म्हणत, "असू द्या साहेब, जागा किती लागते!"

अशा माणसाच्या हातून लबाडी होईल असं कुणाला वाटलं नसतं. पण झाली, आणि वर्षानुवर्षं होत राहिली. ती कशी झाली ते समजायला त्यांच्या आईपर्यंत मागे जावं लागतं.

आई, सुशीलाबाई, नागपूरहून आलेली. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली तेव्हा नागपूरच्या कचेऱ्या उठल्या आणि त्यांच्याबरोबर कारकुनांचे संसारही ट्रंका बांधून निघाले. दिगंबररावांचा जन्म इथलाच, लहानपण तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि स्वयंपाकघरात अजूनही नागपूर. आईचा चातुर्मास कडक होता. आषाढी एकादशीपासून वांगं बंद. ते थेट मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग सुटायचं. आणि नैवेद्याचं काही चाखायचं नाही हा दुसरा नियम. आई वांगं निखाऱ्यावर ठेवायची आणि वास घ्यायची. सालीचा चर्रचर्र आवाज कधी थांबतो ते ऐकायची. गर बोटांनी दाबून बघायची. मीठ अंदाजाने घालायची. भरीत कधी फसलं नाही. दिगंबर शेजारी बसून हे सगळं शिकला. पोरगा वांगं न चाखता ओळखायला लागला तेव्हा तिला कोण कौतुक!

चोविसाव्या वर्षी त्याला या केंद्रावर काम मिळालं आणि त्याला वांग्याच्या विभागात टाकलं. आईला हसू आवरेना. "अरे, वांग्याच्या शेतावर चाकरी आणि घरात चातुर्मास! कसं व्हायचं तुझं?" मग हसू थांबवून म्हणाली, "पिकव हवं तेवढं. पण खाऊ नकोस चंपाषष्ठीपर्यंत. एवढं एक पाळ माझ्यासाठी." त्याने मान हलवली. आईने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी मोजायला एका हाताची बोटंही लागली नसती, त्यातली ही एक. ती गेल्यावर तर ही गोष्ट मोडण्याचा प्रश्नच उरला नाही.

पुष्कळ वर्षं काही अडलंही नाही. वांग्याची चाखणी तेव्हा उन्हाळ्यात असे. मग विभागप्रमुख म्हणून भालचंद्र सर आले. त्यांनी भरताच्या वांग्याची नवी जात काढायला घेतली: मर रोगाला दाद न देणारी, कमी बियांची, भाजल्यावर लोण्यासारखा गर देणारी. हे पीक पावसाळ्यातलं, म्हणून चाखणी आली आश्विनात. ऐन चातुर्मासात.

पहिल्या वर्षी झाडं थोडी, फळं त्याहून थोडी. चाखायला दोघंच, सर आणि दिगंबरराव. मागच्या पडवीत वांगी भाजून बशांमध्ये ठेवली होती. दिगंबररावांनी घसा खाकरून सुरुवात केली, "सर, आमच्यात चातुर्मासात वांगं..."

सर पुण्याकडचे, मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी वाक्य पुरं होऊच दिलं नाही. "पुराणातली वांगी पुराणात, वैरागडे! हे विज्ञान आहे. घ्या चमचा." आणि ते आपल्या बशीकडे वळले.

एका बाजूला साहेब, एका बाजूला आई. दिगंबररावांनी त्या वेळी तोंड उघडून 'नाही' म्हणायला हवं होतं, किंवा तोंड उघडून घास घ्यायला हवा होता. त्यांनी दोन्ही केलं नाही. चमचा ओठांपर्यंत नेला, वास घेतला, गर बोटांत दाबून पाहिला आणि बेसिनकडे जाऊन चूळ भरली. चाखणीत तशी पद्धतच आहे. घास तोंडात घोळवायचा, थुंकायचा, चूळ भरायची, मग दुसरा नमुना. त्यामुळे कुणाला काही वावगं दिसलं नाही. तक्त्यावर नऊपैकी गुण लिहायचे होते. एकशे सात-चार नंबरच्या झाडाला त्यांनी आठ दिले. त्याचीच बहीण, एकशे सात-अकरा, तिचा भाजतानाचा वास जरा अंगचोर होता. तिला पाच. सरांनी तिला सहा दिले होते. अकरा नंबर अर्ध्या गुणाने नापास झाली आणि दिगंबररावांच्या खाकी पाकिटात गेली.

पुढे झाडं वाढली, चाखणारे पाच झाले. नियम असा होता की प्रत्येकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, चेहऱ्यावर भाव आणायचा नाही. लबाडीला याहून सोयीचा नियम कुणी केला नसता. जात काढणाऱ्या शास्त्रज्ञाने स्वतः चाखायचं नाही, असंही ठरलं. बाकीचे चौघं हिंदी भाषक, त्यांना चंपाषष्ठी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आणि गंमत अशी की, दिगंबररावांचे गुण बाकीच्यांच्या सरासरीशी इतके जुळत की केंद्रात म्हणच पडली, 'वैरागडेजी की जुबान'. पहिल्या वर्षी ते घाबरले होते. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःची समजूत घातली, की वास घेणं म्हणजे अर्धं खाणंच आहे. तिसऱ्या वर्षापासून समजूत घालायचीही गरज उरली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगायचं तर, मनातून ते थोडे फुशारलेही होते. बाकीच्यांना जे जिभेने कळतं ते आपल्याला नाकाने कळतं, ही काय साधी गोष्ट आहे?

भालचंद्र सर निवृत्त झाले, विभागप्रमुख दुसरे साहेब झाले आणि वांग्याचं काम बघायला डॉ. केतकी आठले आली. उज्जैनची, घरी मराठी बोलणारी, वयाने दिगंबररावांच्या मुलाएवढी. तिच्या घरी चातुर्मास फक्त पंचांगात होता. ती आल्या आल्या चप्पल बाजूला काढून चिखलात उतरली आणि म्हणाली, "काका, मला क्रॉसिंग शिकवा. पुस्तकातलं येतं, हातातलं नाही येत." दिगंबररावांनी तिला शिकवलं. पहिल्या आठवड्यात तिने साठ कळ्या मोडल्या. आठवडा संपल्यावर दिगंबररावांनी आपला जुना, टोकाला झिजलेला चिमटा तिच्या टेबलावर ठेवला. तेव्हापासून दोघांचं जमलं.

सहा वर्षं दोघांनी मिळून एकशे सात-चारला वाढवलं. रोगट मातीत लावून बघितलं, पाणी तोडून बघितलं. त्यातली शेवटची तीन वर्षं पाच-पाच जणांची चाखणी झाली आणि तिन्ही वर्षी दिगंबररावांनी आठच दिले. शेवटी ही जात मान्यतेसाठी समितीपुढे पाठवायची ठरली. डिसेंबरअखेर प्रस्ताव जाणार होता, आणि त्याच महिनाअखेरीला दिगंबररावांची निवृत्ती होती.

नोव्हेंबरात एका दुपारी केतकीने त्यांना बोलावलं. प्रस्तावाचं पहिलं पान समोर सरकवलं. जात विकसित करणाऱ्यांची नावं होती: भालचंद्र सर, केतकी आठले, आणि तिसरं, डी. एस. वैरागडे, क्षेत्र सहायक.

"ते नवीन साहेब मानतच नव्हते," केतकी म्हणाली. "म्हणे, असिस्टंटचं नाव कधी जात नाही. मी साफ सांगितलं, मग माझं पण काढा. काका, अडतीस वर्षं झालीत. एक कागद तर असला पाहिजे ना तुमच्या नावाचा!"

दिगंबररावांनी ते पान हातात धरलं आणि आपल्या नावाची ओळ चार वेळा वाचली. या केंद्रातून अकरा जाती बाहेर पडल्या होत्या. अकराही त्यांच्या चिमट्याखालून गेलेल्या. एकीच्याही कागदावर त्यांचं नाव नव्हतं आणि असावं असं त्यांनी कधी म्हटलंही नव्हतं. म्हटलं नव्हतं म्हणजे वाटलं नव्हतं असं मात्र नाही. घरी जाताना त्यांनी स्कूटर दोनदा चुकीच्या वळणावर नेली.

डिसेंबरात चंपाषष्ठी आली. आदल्या दिवशी केतकीने एक पिशवी हातात दिली. "आता बियाण्याला पुरून उरलीत. पहिला नैवेद्य आपल्या वांग्याचा व्हायला पाहिजे, काका." एकशे सात-चारची सहा फळं होती. संशोधनाच्या प्लॉटमधलं फळ घरी न्यायची परवानगी नसते, आणि असती तरी आजवर निवडलेल्या झाडाची फळं बियाण्यालाच संपत. त्यामुळे ज्या वांग्याला दिगंबररावांनी इतकी वर्षं आठ गुण दिले, ते त्यांच्या घरात पहिल्यांदाच येत होतं.

कल्पनाने रोडगे केले. वांगी दिगंबररावांनी स्वतः भाजली. घरभर वास सुटला, साल एका ओढीत निघाली, गर पांढरा आणि दाट. सगळं आईने शिकवल्याबरहुकूम. नैवेद्य झाला, तळी उचलली, येळकोट झाला. मुलगा मयूर बँकेतून अर्धा दिवस सुट्टी काढून आला होता. तिघं जेवायला बसली. पहिला घास उत्तम. दुसराही. मयूरने तर भरीत तीनदा घेतलं. दिगंबररावांना वाटलं, आई असती तर तिलाही वाढलं असतं.

ताटं उचलायच्या आधीच मयूरने घसा खाकरला. मग कल्पनाने. मग दिगंबररावांना स्वतःच्या घशात, अगदी आत, बारीक टोचल्यासारखं झालं. पाणी प्यायलं तरी जाईना. ताक प्यायलं तरी जाईना.

"खवखवतंय हो," कल्पना म्हणाली. "सुरणासारखं. चवीला एक नंबर आहे, पण घशाला नाही सोडत. बाबा रे, असं वांगं बाजारात कोण घेणार दुसऱ्यांदा?"

दिगंबरराव हात धुवायचे विसरून बसून राहिले. वास, साल, गर, सगळं नाकाला आणि बोटांना कळलं होतं. खवखव नाकाला कळत नाही. ती गिळल्यावर कळते, पोटभर खाल्ल्यावर कळते. बाकीचे चौघं नियमाप्रमाणे थुंकत होते, त्यांनाही ती कळली नाही. पण त्यांनी निदान नियम पाळला होता.

मनाला पळवाट हवीच असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेली दोन वांगी केंद्रावर नेली. शेतावर काम करणाऱ्या शारदाबाई दुपारी चुलीवर रोट्या करत, त्यांना भाजून खायला सांगितली. घरच्या मिठाचा दोष असेल, रोडग्याच्या पिठाचा असेल, काहीही असेल. शारदाबाईंनी दोन रोट्यांबरोबर भरीत चाटूनपुसून खाल्लं आणि थोड्या वेळाने हाक मारली, "भैयाजी, भर्ता तो बढ़िया था, पर गला पकड़ रिया है!"

ते दोन दिवस दिगंबररावांना अन्न गोड लागलं नाही. प्रस्ताव टंकून तयार होता. काही बोललं नाही तर नाव कागदावर जाणार, ते निवृत्त होणार, आणि खवखव ज्याच्या घशाला व्हायची त्याला होणार. तेव्हा कोण विचारत येणार होतं? आणि फक्त खवखव सांगून गप्प बसावं, तर केतकी विचारणार, 'काका, तीन वर्षं तुम्हाला कशी जाणवली नाही?' मी पण थुंकत होतो, असं उत्तर देता आलं असतं. कुणी संशय घेतला नसता. त्यांनी ते उत्तर मनात तीन-चारदा म्हणून पाहिलं. दरवेळी समोर आई यायची. त्यांना राग आला, तो आईचाच आला. तिच्यापायी हे सगळं झालं! मग लगेच लाज वाटली. आईने फक्त खाऊ नकोस म्हटलं होतं. खाल्लं असं लिही, हे तिने कधी सांगितलं होतं?

सोमवारी सकाळी ते केतकीच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आईला दिलेला शब्द, भालचंद्र सर, ओठांपर्यंत नेलेला चमचा, बेसिन, आठ गुण, आणि खवखव. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

केतकी म्हणाली, "म्हणजे एकदाही नाही खाल्लं? एकदा पण नाही?"

"नाही, बाई."

ती उठली. पडवीत जाऊन तिने टोपलीतली एकशे सात-चारची दोन वांगी घेतली, शेगडीवर भाजली, मीठ घातलं आणि डब्यातल्या पोळ्यांबरोबर खाल्ली. घाईने नाही, नीट चावून, गिळून. मग घड्याळ काढून समोर ठेवलं आणि बसली. दिगंबरराव दारात उभे होते. खंडोबाला त्यांनी त्या काही मिनिटांत जे मागितलं ते आजवर स्वतःच्या मुलासाठीही मागितलं नसेल. होऊ नये. हिला होऊ नये. आमच्याच घराण्याच्या घशात काही दोष असू दे.

आठव्या मिनिटाला केतकीने घसा खाकरला. थांबली. पुन्हा खाकरला.

"आली," ती म्हणाली.

मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खवखवीचं नव्हतं. "काका, ही खवखव झाडाची आहे. तिच्यावर मला राग नाही येत. झाडं दगा देतातच. पण ते आठ गुण तर तुमचे होते ना! पाचांत एक जण खोटा, तर तीन वर्षांची चाखणी सगळी बाद. मी तुमच्या नावासाठी भांडले हो."

दिगंबररावांनी एक कोरा कागद मागून घेतला, घडलं ते सगळं स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि तिच्या टेबलावर ठेवला. प्रस्ताव कपाटात गेला. नावाचं ते पानही त्याच्याबरोबर गेलं. विभागप्रमुखांनी दिगंबररावांना बोलावून खरमरीत सुनावलं, पण निवृत्तीला वीस दिवस राहिलेल्या माणसावर कारवाई करण्याचा उत्साह कुठल्याच कचेरीत नसतो. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषणं झाली. हातांबद्दल सगळे भरभरून बोलले. जुबानबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दिगंबररावांना ते न बोललेलंच सगळ्यात जास्त ऐकू आलं. जाताना त्यांनी खाकी पाकिटांच्या कपाटाची किल्ली केतकीच्या हातात दिली. तिने ती घेतली, "बरं," म्हणाली, आणि एवढंच.

त्यानंतर आठ महिने दिगंबररावांकडे बघायला फक्त घरातल्या कुंड्या होत्या. कल्पनाने पुदिना लावला, तोही ते दिवसातून तीनदा बघायचे. एकशे सात-चारचं नाव घरात निघत नसे. मयूर एकदा चेष्टेने म्हणाला, "बाबा, त्या काळी सरळ खाऊन टाकलं असतं तर! आजीला कोण सांगणार होतं?" दिगंबरराव म्हणाले, "तिला कुणी सांगायला लागत नव्हतं रे." ते चिडून बोलले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि आता दुसरंही वाटत होतं, की आईच्या नावाने आपण जे पाळलं ते तिला मुळीच आवडलं नसतं.

भाद्रपदात केतकीचा फोन आला.

"काका, तुमचं कपाट उघडलं होतं. एकशे सात-अकराचं पाकीट सापडलं, पहिल्या वर्षाचं. बाकी पाकिटांतलं पण लावलं, पण उगवलं चांगलं ते हेच. मर रोगाच्या मातीत पण उभं आहे. या वेळी लागवड महिनाभर लेट केलीये. चाखणी चंपाषष्ठीच्या नंतरच्या गुरुवारी ठेवली आहे." मग म्हणाली, "तुम्ही यायचंय."

"मी? माझी सही आता कोण मानणार, बाई?"

"ते मी बघते. नियम पण बदलला आहे. आता थुंकायचं नाही. दोन पोळ्यांबरोबर पूर्ण खायचं, आणि पंधरा मिनिटं बसायचं."

दिगंबररावांनी फोन ठेवला आणि कल्पनाला म्हणाले, "तिने लागवड पुढे ढकलली. चंपाषष्ठीसाठी." अख्ख्या प्लॉटचं वेळापत्रक एका माणसाच्या चातुर्मासासाठी हलवलं, हे त्यांना कल्पनाला नीट समजावून सांगताच येईना. ती पदराने डोळे पुसायला लागली तेव्हा त्यांना कळलं, की हिला समजलंय.

त्या गुरुवारी पडवीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीकडे तोंड करायचा नियम तेवढा कायम होता. शारदाबाई पोळ्या करत होत्या. दिगंबरराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते. इतकी वर्षं ज्या पडवीत त्यांनी चमचा फक्त उचलला होता, तिथे ते पहिल्यांदा जेवायला बसले. नाकाने सवयीने आपलं काम केलं: वास अजूनही अंगचोरच होता. त्यांनी नाकाकडे लक्ष दिलं नाही. घास घेतला, चावला, गिळला. गोडसर, बिया जवळजवळ नाहीतच. थोडा पाणचटपणा. दुसरा घास. दोन्ही पोळ्या संपवल्या. मग हात गुडघ्यांवर ठेवून घशाकडे लक्ष देत बसून राहिले. पाच मिनिटं. दहा. बाजूला कुणीतरी खाकरलं तशी त्यांनी झटकन मान वळवली, पण ते सर्दीचं खाकरणं होतं. पंधरा मिनिटं झाली. घसा स्वच्छ होता.

केतकीने तक्ता समोर ठेवला. नव्या रकान्याच्या शेजारी जुना रकानाही होता, पहिल्या वर्षाचा, त्यांच्याच अक्षरातला. एकशे सात-अकरा: पाच. एका न खाल्लेल्या घासापायी ही पोर इतकी वर्षं पाकिटात पडून होती. दिगंबररावांनी त्या पाचावरून एकदा बोट फिरवलं आणि शेजारी सात लिहिले.

केतकीने वाकून पाहिलं. "सातच? एकशे सात-चारला तर आठ द्यायचात तुम्ही."

"ते आठ न खाता दिले होते, बाई. हे सात खाऊन दिलेत."

केतकीने पेन उचललं आणि जुना पाच खोडायला निघाली. दिगंबररावांनी तिचा हात धरला.

"राहू द्या तो तिथेच," ते म्हणाले. मग खुर्ची वळवून त्यांनी चुलीकडे पाहिलं. "शारदाबाई, भर्ता बचा है क्या? एक रोटी और दे दो."